दहा कॉइल आणि अर्धा किलो तार: घरगुती वाइंडिंग मशीनच्या नोंदी

२ मार्च

काम असं आहे: दहा सोलेनॉइड (वीज दिली की चुंबक होणाऱ्या) कॉइल हव्यात, सगळ्या एकसारख्या. बॉबिनचा गाभा १४ मिमी व्यासाचा, दोन्ही कडांमधली जागा ३० मिमी, तार ०.२ मिमीची इनॅमलवाली (वर वीज अडवणारा पातळ लेप), वेढे १८००. पहिली कॉइल हाताने गुंडाळून बघितली. अकराशेच्या आसपास कुठेतरी मोजणी चुकली. नक्की कुठे ते कळलं असतं तर चुकलीच नसती. तेवढी तार, सुमारे १७ ग्रॅम, कचऱ्यात.

मशीन करायचं ठरलं. त्याआधी कागदावर हिशोब करून ठेवला. इनॅमलसकट तार मायक्रोमीटरवर ०.२२५ मिमी भरते. थोडी मोकळीक धरून वेढ्यामागे ०.२३५ मिमी. म्हणजे एका थरात १२५ वेढे आणि एकूण १५ थर, शेवटचा अर्धवट. सरासरी वेढा साडेपाच सेंटिमीटरच्या जवळपास, एका कॉइलला ९८ मीटर तार, वजन २८ ग्रॅम, रेझिस्टन्स २० अंशांना ५३.८ ओहम. हे शेवटचे दोन आकडे भिंतीवर चिकटवलेत. तुम्ही काही कराल न कराल, हे दोन आकडे आधी काढा. पुढे का ते येईलच.

९ मार्च

ड्रिल आणि कॅल्क्युलेटर. हा उपाय सगळेच करून बघतात, मीही केला. ड्रिल व्हाइसमध्ये आडवं धरलं, चकमध्ये बॉबिन, चकवर एक छोटं चुंबक. कॅल्क्युलेटर उघडून बरोबरच्या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विच जोडला. एक अधिक एक दाबून ठेवलं की पुढे चुंबक स्विचसमोरून गेलं की आकडा एकाने वाढतो. दिसायला फारच सुंदर.

कॅल्क्युलेटरने १८०० दाखवले तेव्हा तार बॉबिनच्या कडेच्या जवळ पोचली होती. हिशोबाप्रमाणे निम्म्यापेक्षा जास्त कड उघडी दिसायला हवी होती, कारण कडेचा व्यास ३० मिमी आहे. बाबा मागे उभे राहून बघत होते.

"मोजतंय कोण हे?"

"कॅल्क्युलेटर, बाबा."

"आणि कॅल्क्युलेटरला कोण मोजतंय?"

चिडले, पण उत्तर नव्हतं. बॉबिन हाताने हळू उलटं फिरवत सगळी तार सोडवली आणि पुन्हा त्याच कॅल्क्युलेटरवर मोजली. हळू फिरवलं की तो खरं बोलतो, हे आधी शंभर वेढे मोठ्याने मोजून तपासलं. निघाले २१३४. साधा कॅल्क्युलेटर बटणं ठरावीक वेळानेच तपासतो. ड्रिलचा वेग वाढला की मधले ठोके त्याला दिसतच नाहीत. ट्रिगर अलगद दाबून वेग सांभाळू म्हटलं तर ड्रिल एकदम झटका देऊन सुरू होतं. तीनदा तार तुटली.

गेलं: दोन संध्याकाळी, ३३ ग्रॅम तार. सोडवलेली तार पुन्हा वापरायचा मोह टाळा. तिला जागोजागी मोड पडलेले असतात.

१६ मार्च

सांगाडा. १८ मिमी प्लायवूड, ६०८ नंबरची बेअरिंग, ८ मिमी दांडा, फिरवायला नेमा १७ स्टेपर, म्हणजे विजेच्या प्रत्येक ठोक्याला एकच ठरावीक पाऊल फिरणारी मोटर. तार डावी-उजवीकडे नेणाऱ्या गाडीसाठी टी८ लीड स्क्रू (फिरला की नटासकट गाडी सरकवणारा आट्यांचा दांडा) आणि दुसरा स्टेपर. काउंटर वेगळा नकोच, स्टेपरला जितके ठोके दिले तितकंच तो फिरतो.

एकच चूक: दोन उभ्या फळ्यांना २२ मिमीची भोकं वेगवेगळी पाडली. दांडा घालून बघितला तर हाताने फिरेना. नव्या फळ्या एकमेकींवर घट्ट बांधून एकदमच भोक पाडलं, मग लोण्यासारखा फिरला.

२१ मार्च

मशीनचा मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, आणि मोटरांना ठोके पोचवणारे दोन ए४९८८ ड्रायव्हर. माझ्या बोर्डवरच्या छोट्या रेझिस्टरवर आर१०० (०.१ ओहम) लिहिलेलं आहे, म्हणून मोटरला एक अँपियर मिळावा यासाठी व्हीरेफ, म्हणजे करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज, ०.८ व्होल्टवर ठेवला. सगळ्या बोर्डांवर तोच रेझिस्टर नसतो, स्वतःचा वाचून हिशोब करा.

मोटर उलटी फिरतेय म्हणून पिना बदलायला कनेक्टर ओढला. वीज चालू होती. टक् असा आवाजसुद्धा आला नाही, ड्रायव्हर नुसता मेला. ही गोष्ट प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेली असते आणि प्रत्येक जण एक ड्रायव्हर घालवूनच ती शिकतो. दिशा प्रोग्राममध्ये बदलता येते, कनेक्टरला हात लावायची गरजच नव्हती. नवा ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

२३ मार्च

पूर्ण दिवस एका शब्दावर गेला.

मशीन सुरू केलं की दहा वेढे छान. अकरावा सुरू होऊन पाव फेरी झाली की गाडी खुळ्यासारखी उलट्या दिशेला पळायची आणि कडेला जाऊन घरघरायची. दरवेळी तिथेच. आधी वायरिंग संशयित. मग मोटरचा करंट. मग लीड स्क्रूत काहीतरी अडकतंय म्हणून तो काढून पुसला, तेल घातलं, पुन्हा बसवला. दुपारचे तीन वाजले.

मग डोक्यात आलं की बिघाड यांत्रिक असता तर इतका वक्तशीर नसता. एका फेरीला ३२०० ठोके (२०० पावलं, प्रत्येकाचे १६ भाग). दहा फेऱ्या म्हणजे ३२०००. पाव फेरी अजून, आणि ३२७६७ ओलांडले. नॅनोवर 'इंट' प्रकारच्या आकड्याची धाव तिथे संपते, पुढचा आकडा उणे ३२७६८. बिचाऱ्या गाडीला कोणीतरी सांगितलं होतं की आपण शून्याच्या खूप मागे आहोत. 'इंट'च्या जागी 'लाँग' लिहिलं. १८०० फेऱ्यांचे ५७ लाख ६० हजार ठोके त्यात आरामात मावतात.

लीड स्क्रू निदान स्वच्छ झाला.

२९ मार्च

चालतंय, पण गोगलगाईच्या गतीने. नॅनोवर मी वापरतेय त्या लायब्ररीतून (तयार कोडमधून) सेकंदाला चार हजारांच्या आसपास ठोके निघतात, त्याहून जास्त नाही. ३२०० ठोक्यांची फेरी म्हणजे मिनिटाला बहात्तर-पंचाहत्तर फेऱ्या, एका कॉइलला पंचवीस मिनिटं. बॉबिन फिरवणाऱ्या मोटरला इतकी बारीक पावलं कशाला हवीत? तिच्या ड्रायव्हरचे जंपर बदलून सोळाऐवजी चार भाग केले, फेरीला ८०० ठोके. गाडीची मोटर सोळावरच ठेवली. आता मिनिटाला २४० फेऱ्या.

आणि लगेच नवीन भूत. गाडी ३० मिमीच्या जागी ३१ मिमीच्या वर जाऊन बॉबिनची कड खरवडू लागली. कालपर्यंत बरोबर थांबत होती.

लीड स्क्रू एका फेरीत ८ मिमी सरकवतो, त्याला ३२०० ठोके. म्हणजे ०.२३५ मिमीसाठी ९४ ठोके. मी प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: बॉबिनच्या इतक्या ठोक्यांनंतर गाडीला एक ठोका. आधी ३२०० भागिले ९४ म्हणजे ३४.०४, पूर्णांकात ३४. चूक होती, पण केसाएवढी. आता ८०० भागिले ९४ म्हणजे ८.५१, आणि पूर्णांकाने त्याचे सरळ ८ केले. झाले वेढ्यामागे ९४ ऐवजी १०० ठोके, म्हणजे ०.२५ मिमी. १२५ वेढ्यांत पावणेदोन मिमीहून जास्त फरक.

भागाकार काढूनच टाकला. बॉबिनच्या प्रत्येक ठोक्याला एका डब्यात ९४ टाकायचे. डब्यात ८०० किंवा जास्त झाले की ८०० काढून घ्यायचे आणि गाडीला एक ठोका द्यायचा. उरलेलं डब्यातच राहतं, काही हरवत नाही. आठ ओळींचा प्रोग्राम तीन ओळींचा झाला.

शिवाय एक सोय केली, तिचा मला फार अभिमान आहे: मधेच थांबवलं तरी काउंटर आकडा लक्षात ठेवतो, वीज गेली तरी. तार तुटली तर जोडून तिथूनच पुढे.

५ एप्रिल

पहिली पूर्ण कॉइल. उजवी बाजू सपाट, डावीकडे कडेशी खाच. चौथ्या-पाचव्या थरापासून तार त्या खाचेत पडायला लागली. पडलेला वेढा खालच्या थरांना जाऊन टेकतो, वरचा थर त्यावर चढतो, आणि दहाव्या थरापर्यंत डावीकडे नुसता गुंता.

कारण लीड स्क्रूच्या नटातला प्ले, म्हणजे ढिलेपणा. माझ्या नटात ०.३ मिमी निघाला. मला वाटलं होतं की ही चूक थरागणिक साठत जाईल. तसं होत नाही. गाडी डावीकडून निघाली तेव्हा नट स्क्रूला चिकटलेला होता, म्हणून उजव्या टोकापर्यंत बरोबर गेली. परत फिरताना स्क्रू आधी ०.३ मिमी रिकामा फिरला, मग गाडी हलली. म्हणून डावीकडे ०.३ मिमी अलीकडेच थांबली. पुढच्या प्रत्येक थराला तेच. उजवीकडे वळताना गाडी वेढाभर जागीच उभी, डावीकडे सव्वा वेढ्याची कायमची फट.

प्रोग्राममध्ये दिशा बदलताना जादा ठोके देऊन भागतं, पण मी गाडीला एका बाजूने हलकी लांब स्प्रिंग लावली. नट आता कायम एकाच बाजूला रेटलेला राहतो. स्प्रिंग फार कडक घेऊ नका. माझी पहिली इतकी कडक होती की दूरच्या टोकाला मोटर पावलं चुकवायला लागली.

गेलं: २८ ग्रॅम.

१२ एप्रिल

खाच गेली. आता कॉइल झाली आणि मशीनवरून निघेना.

बॉबिन पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेलं, भिंत १.२ मिमी. एक वेढा ताणून बसला की गाभ्यावर थोडासाच दाब येतो, पण अठराशे वेढे एकावर एक बसले की ते गाभा चिमटीत धरल्यासारखा आवळतात. माझा गाभा आतल्या दांड्यावर इतका गच्च बसला की हातोडी घ्यावी लागली. हातोडीने बॉबिन निघालं, दोन तुकड्यांत.

तुटलं नसतं तरी उपयोग नव्हता. त्याच दाबाने दोन्ही कडा बाहेर फाकल्या होत्या. वरच्या थरांत जागा ३० ऐवजी ३१ च्या वर झालेली, आणि कडेची तार घसरून खाली. म्हणजे मागच्या आठवड्याची खाच, वेगळ्या दाराने आत आलेली.

दोन बदल. दांड्यावर जरासा निमुळता घासलेला लाकडी गुटका, त्यावर मेणाचा हात. निमुळत्या बाजूने ठोकला की सुटतो. आणि बॉबिनच्या दोन्ही कडांना बाहेरून जाड प्लायवूडच्या चकत्या, नटाने आवळलेल्या. त्यातल्या एका चकतीला तारेचं सुरुवातीचं टोक बाहेर यायला खाच. बॉबिनचं मटेरियलही बदललं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सोलेनॉइड तापणारच आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

गेलं: अजून २८ ग्रॅम, एक बॉबिन, अंगठ्याचं नख.

१३ एप्रिल

आज दिसायला निर्दोष कॉइल निघाली. थर असे की बोट फिरवावंसं वाटतं. मीटर लावला: ६०.१ ओहम.

भिंतीवर ५३.८ आहे. बारा टक्के जास्त.

पहिला संशय मोजणीवर, मागच्या अनुभवामुळे. पण बॉबिनवर खूण करून शंभर फेऱ्या डोळ्यांनी मोजल्या, काउंटर बरोबर होता. मग आठवलं की ५३.८ हा २० अंशांचा आकडा आहे आणि खोलीत २९ अंश होते. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे साधारण ०.३९ टक्के वाढतो, नऊ अंशांचे साडेतीन टक्के. म्हणजे आज ५५.७ दिसायला हवे. तरीही आठ टक्के शिल्लक राहतात.

कॉइलच्या बाहेरच्या थरातून हातभर तार सोडवली आणि मायक्रोमीटरमध्ये धरली. ०.२१७. रिळावरच्या कोऱ्या तारेला पुन्हा धरली. ०.२२५. तीन-तीन ठिकाणी बघितलं, तेच. कॉइलवर बसलेली तार ही मी विकत आणलेली तार नव्हतीच. मशीनने ती वाटेत ओढून लांब आणि बारीक केली होती. मऊ तांबं तुटायच्या आधी बरंच लांबतं, म्हणून तुटत नव्हती आणि म्हणून मला पत्ता नव्हता.

गाईडच्या पुढे तार हुकच्या तराजूला बांधून ओढली: ३२० ग्रॅम, मधेच ३५०. माझा ब्रेक म्हणजे फेल्टच्या दोन चकत्या, मधून तार, वरून स्क्रू. स्क्रू मी किती आवळला होता? 'तार सैल दिसत नाही इतका.' हे माझं मोजमाप होतं.

सहा आठवडे मी वेढे मोजत होते, थर मोजत होते, ठोके मोजत होते. ताण एकदाही मोजला नव्हता. आणि रीळ ते बॉबिन ही हातभर वाट मी मशीनचा भाग धरतच नव्हते. तिथे नुसती तार होती ना!

१९ एप्रिल

म्हणून आज ती वाट पाडली आणि नवी केली.

रीळ. आधी दांड्यावर फिरणारी होती. मशीन थांबलं की रीळ दोन गिरक्या जास्त मारायची, तारेला पिळे पडायचे. सुरू झालं की त्या जड रिळाला हलवायला झटका. आता रीळ उभी, अजिबात न फिरणारी, आणि तार वरून, मधोमध टांगलेल्या कडीतून निघते. मशीनलाही सुरू होताना आणि थांबताना वीस वेढ्यांची चढ-उतार दिली.

ब्रेक. स्क्रू काढला. फेल्टवर लोखंडी पट्टी आणि पट्टीवर जुने नट ठेवलेत, सुटे. स्क्रूने दाबलेलं फेल्ट वापरता वापरता बसतं आणि दाब बदलतो. वजन मात्र वजनच राहतं. एक नट काढला की ताण थोडा उतरतो. चार नटांवर ११० ग्रॅम आला, तिथे ठेवला. तरी फेल्टमध्ये तारेवरचं मेण साठून ते गुळगुळीत होतं आणि तीन कॉइलमध्ये ११० चे ९० होतात. प्रत्येक कॉइलआधी तराजू लावायचा आणि फेल्ट थोडं सरकवायचं.

झोका. ब्रेक आणि गाईड यांच्या मधे स्प्रिंगच्या तारेचा हलका दांडा, टोकाला छोटी कप्पी. बॉबिन जरा वाकडं फिरलं तरी तो वरखाली होऊन धक्का पोटात घेतो. चौकोनी बॉबिन गुंडाळणाऱ्यांना हा लागणारच, कारण तिथे एकाच फेरीत तार चार वेळा धावते आणि चार वेळा रेंगाळते.

गाईड. इथे थोडं थांबते, कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही. माझा गाईड पितळी नळीचा तुकडा होता. त्याच्याखाली फळीवर बारीक तपकिरी भुकटी पडलेली असायची. मला ती फेल्टची वाटत होती. आज काचेच्या पसरट भांड्यात मिठाचं पाणी घेतलं, मशीनमधून गेलेल्या तारेचा मीटरभर तुकडा वळसे देऊन त्यात बुडवला, दोन्ही टोकं पाण्याबाहेर. १२ व्होल्टचं ऋण टोक तारेला, धन टोक पाण्यात सोडलेल्या पट्टीला. काही सेकंद काही नाही. मग तारेच्या एका बाजूने, रांगेत, सुईच्या टोकाएवढे बुडबुडे सुटायला लागले, जणू कोणी तारेवर टाके घालतंय. प्रत्येक बुडबुडा म्हणजे इनॅमलला पडलेलं भोक. कोऱ्या तारेचा तुकडा त्याच पाण्यात ठेवला; तिच्यावर एकही नाही.

नळीची कड कापल्यावर मी घासली होती, पण बाहेरून. आतल्या कडेला धार होती. टेफ्लॉनची नळी बसवून बघितली, ती थोड्याच वेळात तारेने करवतीसारखी कापली. शेवटी मासे पकडायच्या काठीच्या टोकाला असते ती सिरॅमिकची कडी बसवली. दोरा घासू नये म्हणूनच ती केलेली असते. पुन्हा मिठाचं पाणी, पुन्हा मीटरभर तार: बुडबुडे नाहीत. कडी बॉबिनच्या जितकी जवळ तितकं बरं. लांब असली की तार गाडीच्या मागे रेंगाळते.

गेलं: ताणलेली कॉइल २८ ग्रॅम, चाचण्यांत सात-आठ ग्रॅम.

२६ एप्रिल

उत्पादन! सकाळी दहाला बसले. कॉइलला साडेआठ मिनिटं मशीनची, दहा-बारा मिनिटं माझी: टोकाला जाड लवचिक वायर जोडणं, पिवळी टेप, बॉबिन बदलणं, ताण तपासणं. माझ्या तारेचं इनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेनेच जळून जातं, सोल्डरिंग आयर्न ३९० अंशांवर ठेवायचं आणि धुरापासून तोंड लांब. तुमच्या तारेचं तसं नसेल तर सँडपेपरने खरवडावं लागेल; न खरवडता जोडलं तर सोल्डर वर नुसता बसतो आणि आत जोड नसतो.

७ क्रमांकाची तार १०८० व्या वेढ्यावर तुटली. रिळाच्या वरच्या प्लास्टिक कडेला चरा होता, तिथे अडकली. चरा घासून गुळगुळीत केला, तार सोल्डरने जोडली, टेपचा तुकडा, काउंटर १०८० वरून पुढे. सोय उपयोगी पडली.

संध्याकाळी दहा तयार. सगळ्या थंड होऊ दिल्या, खोलीत २९ अंश. नऊ कॉइल ५५.३ ते ५६.२ च्या आत. सातवी: ५२.८.

२७ एप्रिल

रेझिस्टन्स कमी, वेढे पूर्ण. म्हणजे मधले काही वेढे शॉर्ट झालेत, तारा मधेच एकमेकींना जोडल्या जाऊन वीज तेवढे वेढे गाळून जातेय. एलसीआर मीटरवर (हा कॉइलचा इंडक्टन्स मोजतो) बाकीच्या २१ ते २२ मिलिहेन्री, सातवी १९. हे १ किलोहर्ट्झवर. १० किलोहर्ट्झवर बाकीच्या जवळपास तिथेच राहिल्या, सातवी १५ वर उतरली. शॉर्ट झालेली रिंग जास्त फ्रिक्वेन्सीला जास्त बोलते.

कुठे ते सोडवायच्या आधी कागदावर बघितलं. २.९ ओहम कमी आहेत. बाहेरच्या बाजूच्या थरांत वेढ्याची लांबी ५७ मिमीच्या जवळपास धरली तर ते ९० वेढे होतात. लागोपाठच्या दोन थरांत शॉर्ट असेल तर वळणाच्या जागेपासून ४५ वेढे अलीकडे आणि ४५ पलीकडे. थर १२५ वर संपतात: १०००, ११२५, १२५०. ११२५ मधून ४५ गेले की १०८०.

कालची नोंद उघडून पुन्हा वाचली. तुटली होती तिथेच.

मशीनवर लावून उलटं सोडवत गेले. ११७० च्या आसपास टेपवर एक तपकिरी ठिपका दिसला. नखाने उचकटला तर खालून माझ्या सोल्डरचा काटा, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल, टेपमधून वर आलेला. वरच्या थराची तार बरोबर त्याच्या टोकावर बसली होती. ताण ११० ग्रॅम, अगदी बरोबर. तेवढा पुरला.

नव्या बॉबिनवर अखंड तारेने पुन्हा गुंडाळली: ५५.६.

रिळावर ५० ग्रॅम उरली आहे. ५०० पैकी २८० कॉइलमध्ये गेली, बाकी वर लिहिल्याप्रमाणे. प्रोग्राममधून मधल्या आकड्यावरून पुढे सुरू करायची सोय काढून टाकली. आता थांबवलं आणि तार तुटलेली असली तर काउंटर शून्यावरच येतो.